पाचवा दाणा

त्या वर्षी नोव्हेंबर लागल्यापासून माझी बॅग पलंगाखाली अर्धी भरलेली होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातले परतीचे तिकीट लेकीनेच काढून ठेवले होते आणि त्या तिकिटावर माझे एक वचन अवलंबून होते. पत्नीला जाऊन वर्ष होत आले होते. शेवटच्या आजारात एका दुपारी उशीला टेकून बसलेली असताना ती मला म्हणाली होती, "माझ्या वर्षाच्या मिस्सेला पहिलं वाचन तुम्हीच करा. दुसऱ्या कुणी केलं तर उच्चार चुकतील, आणि मला तिथं पडल्यापडल्या ऐकून घ्यावे लागतील." आम्ही दोघेही हसलो होतो. मी हो म्हटले होते. वसईकडच्या आमच्या गावातल्या चर्चमध्ये, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात, तिच्या वर्षश्राद्धाची ती मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ठरली होती. फादरांनी वहीत तिचे नाव घातले होते आणि बायबलच्या पहिल्या वाचनासाठी वाचकाच्या जागी माझे.

अमेरिकेत हर्नडनमधले लेकीचे घर प्रशस्त आहे, उबदार आहे, आणि मला तिथे काहीही कमी नाही. हे आधीच नोंदवतो, कारण पुढचे लिहिणे तक्रारीसारखे वाटण्याचा संभव आहे. ईस्टरआधीच्या, चाळीसेच्या उपवासाच्या दिवसांत गावी न्हाणीघरात मी पाय घसरून पडलो आणि शेजारीण दूध द्यायला येईपर्यंत तसाच पडून राहिलो, म्हणून लेक मला इकडे घेऊन आली. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. परंतु त्या घराच्या दाराला एक डोळा होता. मी दार उघडले की लेकीच्या ऑफिसातल्या फोनवर माझे चित्र उमटायचे आणि पायरी उतरण्याच्या आत माझ्या खिशातला फोन वाजायचा. "पपा, बाहेर निघालात? स्वेटर घातलाय ना? रस्ता क्रॉस करू नका हं." चर्च दीड मैलावर. मध्ये सहा पदरी रस्ता, आणि त्याच्या कडेला चालण्यासाठी पायवाट नाही. आयुष्यभर मिस्सेला पायी गेलेला मनुष्य मी. इथे देवाकडे जायलाही मला कोणीतरी गाडीत घालून न्यावे लागत असे.

आमच्या घरात एक पेच आणखी होता. माझे जावई नगरकडचे, प्रॉटेस्टंट. त्यांच्या पणजोबांना अमेरिकन मिशनऱ्यांनी शिकवले आणि बाप्तिस्मा दिला. आम्ही चार-पाचशे वर्षांपासूनचे कॅथलिक, पोर्तुगीजांच्या काळातले. माझ्या लहानपणी प्रॉटेस्टंटांच्या प्रार्थनामंदिरात पाऊल टाकणे हे पाप होते, आणि ते पापनिवेदनात सांगावे लागे. पुण्याला संस्कृत शिकत असताना एकदा मी त्यांच्या मंदिराच्या खिडकीबाहेर उभा राहून गाणे ऐकले होते. आत गेलो नव्हतो. तरीही फादरांना सांगितले, आणि त्यांनी तीन वेळा 'नमो मरिया' म्हणण्याचे प्रायश्चित्त दिले. आश्चर्य असे की त्याच फादरांना माझ्या उपनिषदांच्या अध्ययनाबद्दल कधीच हरकत वाटली नाही. दूरच्या माणसाविषयी आपण उदार असतो. भिंतीपलीकडच्या भावाविषयी मात्र फार जपून वागतो.

विहीणबाई चार वर्षांपासून त्याच घरात, खालच्या मजल्यावर राहतात. ऐंशीच्या घरातल्या, ठणठणीत, स्पष्ट बोलणाऱ्या. जेवणाआधी मी क्रुसाची खूण करून ठरलेली चार वाक्ये म्हणत असे. त्या डोळे मिटून मनाला येईल तशी प्रार्थना करत, आणि तिच्यात पाऊस, पंतप्रधान, गुडघे, नातीचा गणिताचा पेपर, सगळे येऊन जात असे. एकदा आमटी निवाल्यावर मी एवढेच म्हणालो, "विहीणबाई, परमेश्वराला मुद्दा कळला असावा."

"व्याही," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "तुमची पाठ केलेली असती, म्हणून लवकर संपती. माझी मनातली आहे. आमेन."

थँक्सगिव्हिंग, देवाचे आभार मानण्याचा इथला नोव्हेंबरातला सण, जवळ आला तशा त्या मोहरून गेल्या. त्यांच्या लहानपणी नगरच्या मिशन बंगल्यातल्या मडम साहेब हा दिवस पाळत. त्या दिवशी भाजायचा टर्की पक्षी तिथे कुठून मिळणार, म्हणून कोंबडा. पण ताटावर प्रत्येकाच्या पुढ्यात मक्याचे पाच दाणे ठेवत. त्यांचे पूर्वज नव्या देशात आले तेव्हा एका कठीण हिवाळ्यात माणशी रोज पाचच दाणे वाट्याला येत, अशी कथा मडम सांगत. खरी की रचलेली, कोण जाणे. एकेक दाणा बोटात धरायचा, एकेका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, आणि पाच झाले की मग जेवायचे. विहीणबाईंनी ती रीत या घरात सुरू केली होती.

माझ्या मनात मात्र किंतु होता. हा सण ज्यांनी आणला त्या प्युरिटन, म्हणजे कट्टर प्रॉटेस्टंट, मंडळींना आमच्या सणांचे वावडे होते. नाताळ पाळण्याचीसुद्धा त्यांनी मनाई केली होती, हे मी वाचले होते. अशांच्या पंगतीला कॅथलिकाने बसावे की नाही? ही शंका मी मला मिस्सेला नेणाऱ्या गृहस्थांना विचारली. ते आयरिश वंशाचे, माझ्याच वयाचे, विधुर. बुधवारी सकाळच्या मिस्सेनंतर गाडी सुरू करण्याआधी ते बराच वेळ हसले.

"माझी आजी या दिवसाला 'त्यांचा दिवस' म्हणायची," ते म्हणाले. "त्या दिवशी ती मुद्दाम कोबी आणि बटाटे शिजवायची. टर्कीला घरात प्रवेश नाही. म्हणायची, ज्यांनी माझा नाताळ बंद केला त्यांचा पक्षी मी का भाजू?"

"आणि आजोबा?"

"आजोबांना कारखान्यात विचारत, तू नक्की कोणाचा? आमचा की तुझ्या पोपचा? मग एका वर्षी ते स्वतःच टर्की घेऊन आले आणि दारात झेंडा लावला. आजी आठवडाभर बोलली नाही. पण टर्की तिनेच भाजली." त्यांनी काच पुसली. "आमच्या लोकांनी हा सण असा खाल्ला. आधी रागाने, मग भीतीने, मग सवयीने. आता मुलं येतात म्हणून आवडीने. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात?"

मी सीटचा पट्टा लावून घेतला. इथल्या फादरांना मिस्सेनंतर लगेच विचारले होते तेव्हा ते म्हणाले की उद्याच्या मिस्सेला येण्याचे बंधन नाही, पण आलात तर चांगले; नाहीतरी मिस्सा म्हणजे उपकारस्तुतीच. मला ते पटले. आमच्याकडेही ऑक्टोबरात आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करतात आणि घरी आणून वेदीपाशी बांधतात. पत्नीने बांधलेली शेवटची लोंबी बंद घरात अजून लटकत असेल, हा विचार मनात घेऊनच मी घरापाशी गाडीतून उतरलो.

घरी नात शाळेचे काम घेऊन बसली होती. तिला निरनिराळ्या भाषांत या सणाचे नाव एका कागदावर लिहायचे होते. "आजोबा, हाउ डू यू से थँक्सगिव्हिंग इन मराठी?"

असा प्रश्न विचारला गेला की मला आवर घालणे कठीण. मी तिला सांगितले की 'कृतज्ञ' म्हणजे आपल्यासाठी काय केले गेले ते जाणणारा. 'उपकारस्तुती' म्हणजे केलेल्या उपकारांची स्तुती. आणि 'आभार' हा शब्द नीट पाहिलास तर त्यात 'भार' आहे. आभार मानणे म्हणजे आपल्यावर ओझे आहे हे मान्य करणे.

"दॅट्स सो हेवी," नात म्हणाली. तिने नकळत केलेली कोटी तिला कळली नाही.

लेक ओट्यापाशी क्रॅनबेरी ढवळत होती. ती हसून म्हणाली, "पपांना विचारू नकोस गं. ते 'आभारप्रदर्शन' सांगतील. माहितीये का, शाळेत प्रत्येक गॅदरिंगला शेवटी पपाच आभार मानायचे. पाहुणे, मुख्याध्यापक, मांडववाला, माइकवाला, कोणी सुटायचं नाही. आम्ही मुली मागे चपला हातात घेऊन बसायचो. शेवटचं वाक्य आलं रे आलं की घरी पळायचो."

"व्हॉट शेवटचं वाक्य?"

लेकीने माझा आवाज काढला. "आणि कार्यक्रम संपला असे मी जाहीर करतो."

आम्ही सगळे हसलो. विहीणबाईसुद्धा. हसताहसता माझे लक्ष गेले: माझी हिवाळ्याची टोपी, मोजे आणि गावी नेण्यासाठी बाजूला काढलेला कोट लेकीने कपाटात नीट घडी करून लावला होता. मी विचारले, "बॅगेतून काढलंस का?" ती म्हणाली, "अहो, चुरगळत होतं सगळं." तिने माझ्याकडे पाहिले नाही. गेले दोन आठवडे तिकिटाचा विषय निघाला की तिला कोणाचा तरी फोन यायचा. मी विषय वाढवला नाही. वाढवायला हवा होता, हे मला आज कळते. परंतु ज्या घरात आपल्याला हाताला धरून जिना उतरवतात तिथे प्रश्न विचारण्याचा आवाज आपोआप बारीक होतो.

गुरुवारी सकाळी मिस्सेला जाऊन आलो. अडीच वाजता पंगत बसली. टर्की जावयांनी भाजली होती, बाहेरून सोनेरी आणि आतून कापसासारखी. शेजारी विहीणबाईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि लेकीने खास माझ्यासाठी केलेले कोलंबीचे लोणचे होते. प्रत्येकाच्या ताटात पाच पिवळे दाणे. मी माझे दाणे बोटाने सरळ रेषेत लावले आणि जपमाळेची सवय असल्याने अंगठा आपोआप पहिल्यावर गेला.

"व्याही, मोजताय काय? पाचच हायेत," विहीणबाई म्हणाल्या. "आणि तोंड असं का? आमच्या लोकांनी तुमचा नाताळ बंद केला, तुमच्या लोकांनी आमच्या लोकांना जाळलं. फिटंफाट झाली. आता जेवा."

सुरुवात त्यांनीच केली. मग जावई. मग नात, जिचा तिसरा दाणा तिच्या मैत्रिणीच्या कुत्र्यासाठी होता. मग लेक. तिचे चार दाणे नोकरी, घर, मुलगी आणि सासूबाई यांच्यासाठी गेले. पाचवा तिने मुठीत घट्ट धरला. तिचा चेहरा मला, लहानपणी पवित्र भाकर पहिल्यांदा घेतली त्या तिच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशीच्या चेहऱ्यासारखा दिसला, इतका उजळलेला.

"पाचवा पपांसाठी. मम्मी गेल्यापासून मला झोप नव्हती. आता पपा कुठेही जाणार नाहीत. मी डिसेंबरचं तिकीट कॅन्सल केलंय. पपा आता परमनंट इथेच. मिस्सा तिथे होईलच, फादरांशी मी बोलले, ते लाइव्ह दाखवणार आहेत. आपण सगळे मिळून टीव्हीवर बघू."

जावयांनी टाळ्या वाजवल्या. नात "येय!" म्हणून खुर्चीवर उभी राहिली. मी ताटाकडे पाहत होतो. पाच दाणे तसेच रेषेत होते.

मिस्सेत आपण एकदम स्तुतीला लागत नाही. आधी छातीवर हात ठेवून अपराध कबूल करतो, मग दया मागतो, त्यानंतर स्तुती. रडण्याला आणि मागण्यालाही तिथे ठरलेली जागा आहे. या पंगतीत फक्त आभारांना जागा होती. माझ्यावर ज्यांचे उपकार होते तेच चौघे मला घेरून, प्रेमाने, माझ्या पाच वाक्यांची वाट पाहत होते. 'नाही' हा शब्द ठेवायला त्या टेबलावर कुठे फट नव्हती. कृतज्ञतेने माणूस कोंडला जाऊ शकतो, हे मला सत्त्याहत्तर वर्षांत कोणत्याही भाष्यात वाचायला मिळाले नव्हते.

"आजोबा, युअर टर्न."

मी उभा राहिलो. बसून बोलायचे असते हे मी विसरलो. हातात शाळेतल्यासारखी चिठ्ठी नव्हती, म्हणून मी पहिला दाणा उचलला. जावयांचे आभार मानले, त्यांनी मला सासरा न मानता वडील मानले याबद्दल. दुसऱ्या दाण्याला विहीणबाईंचे, त्यांच्या प्रार्थनेत माझे गुडघेही असतात याबद्दल. तिसऱ्याला नातीचे. चौथा दाणा हातात घेऊन लेकीकडे पाहिले आणि म्हणालो की जिने मला जमिनीवरून उचलले तिचे आभार मानायला माझ्यापाशी शब्द नाहीत. हे सगळे खरे होते. एकही अक्षर खोटे नव्हते. पाचवा दाणा मी उचलला आणि त्याच्यासाठी माझ्याकडे काही उरले नव्हते. सगळे माझ्याकडे पाहत होते. चौतीस वर्षे ज्या जागी जीभ आपोआप एका वाक्यावर येऊन थांबली होती, तिथेच ती आली.

"आणि कार्यक्रम संपला असे मी जाहीर करतो."

जावई मोठ्याने हसले. नातही हसली, कालचा विनोद तिला ओळखीचा होता. मलाही क्षणभर कळले नाही की मी काय बोललो. मग मी लेकीकडे पाहिले. ती हसत नव्हती. त्या मांडवातल्या मुलींपैकी हे वाक्य ऐकून घराकडे पळालेली ती एकच त्या टेबलावर होती. तिने मुठीतला दाणा ताटात ठेवला.

"पपा, तुम्हाला घरी जायचंय."

"मी तिला हो म्हटलं होतं," मी म्हणालो. "पहिलं वाचन."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस, बाळ."

"आणि परत पडलात तर? मी इथून काय करू? फोनवर बघत बसू?" नात खुर्चीवरून हळूच खाली उतरली. टर्की थंड होत होती आणि कोणीच जेवत नव्हते.

विहीणबाईंनी चमचा ताटावर ठेवला. "जाऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलं नव्हतं. पोरानं तिकडचं घर मोकळं केलं तवा मी इथं भाजी चिरत होते. नंतर कळलं. माणसाला निरोप घ्यायला तरी जाऊ द्यावं." जावई ताटाकडे पाहू लागले. चार वर्षांत ही गोष्ट त्या घरात कोणी उच्चारली नसावी. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पण व्याही, परत यायचं. पोरीला शब्द द्या. हिला झोप लागली पाहिजे, आणि मला भांडायला माणूस पाहिजे."

मी पाचवा दाणा हातात धरून तिथेच उभा होतो. माझ्याजवळ पत्नीला दिलेला एक शब्द होता, आणि तो पाळायचा तर दुसरा द्यावा लागणार होता. लेक माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "चाळीसेचा उपवास सुरू होण्याआधी परत येईन. त्यानंतर तू म्हणशील तसं." आणि तो दाणा मी तिच्या ताटात, तिच्या दाण्याशेजारी ठेवला.

तिने त्याच आठवड्यात जाण्याचे आणि येण्याचे, अशी दोन्ही तिकिटे काढली. मिस्सेला मी पहिले वाचन केले. आवाज एका ठिकाणी अडकला, उच्चार कुठे चुकला नाही. दुसऱ्या दिवशी कबरीपाशी बसून सगळे सांगितले, टर्कीची चवसुद्धा. मग दीड महिना घर आवरले. पुस्तके शाळेला दिली. वेदीपाशी लटकणारी ती लोंबी काढली, तिचे दाणे हाताने सोडवले आणि कबरीच्या कडेला मातीत टाकले. किल्ली शेजारणीकडे दिली. ती म्हणाली, "परत कधी येणार, सर?" मी बंद दाराकडे पाहिले. ती समजली.

आता हर्नडनमध्ये पुन्हा नोव्हेंबर आहे. पलंगाखाली बॅग नाही. ती माळ्यावर गेली आहे. दाराचा डोळा तसाच आहे, रस्ता सहा पदरीच आहे आणि मी कुठेही जाणार नाही. आज सकाळी गाडीत आयरिश गृहस्थांनी विचारले, "मग, यंदा कुठल्या पायरीवर?" मी म्हणालो की पायरीचे ठाऊक नाही, दार मात्र मागून बंद झाले आहे. त्यांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली.

विहीणबाई दुपारपासून उद्याच्या पंगतीसाठी मक्याचे दाणे निवडत बसल्या आहेत. मघाशी मला हाक मारून म्हणाल्या, "व्याही, यंदा तुम्ही सगळ्यात शेवटी बोलायचं नाही. तुम्हाला आधी बसवते. तुमचं काय खरं नाही, परत कार्यक्रम संपवाल."

मी त्यांच्यासमोर बसलो आणि माझे पाच दाणे स्वतः निवडून घेतले. चारांबद्दल काय म्हणायचे ते मला माहीत आहे. पाचव्याबद्दल अजून विचार चालू आहे.